बसून आहो

लग्न होऊन मी आमगावला आले ती नव्व्याण्णव साली, आणि लगेच इथल्या अध्यापक विद्यालयात शिकवायला लागले. खडू-फळ्यात बरीच वर्षं गेल्यावर एक ऑनलाइन कोर्स माझ्या गळ्यात पडला. पुण्याची एक संस्था तो चालवायची. आश्रमशाळांत आणि विनाअनुदानित शाळांत प्रशिक्षण नसताना शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी होता. माझ्या बॅचमध्ये सगळे आपल्याच जिल्ह्यातले, देवरीपलीकडच्या जंगलातले, सौंदडकडचे. मी घरच्या कॉम्प्युटरवरून शिकवायची आणि ते जिथे नेट मिळेल तिथून शिकायचे.

आमच्या यांचं कापडाचं दुकान होतं. त्यांनी या प्रकाराला भुतांची शाळा असं नाव ठेवलं. जेवायला घरी आले की विचारायचे, "काय म्हणून राहिली तुझी भुतं?" मी सांगायची, काही नाही म्हणून राहिली. आणि ते खरंच होतं. कोर्सच्या साइटवर चर्चेचं एक पान होतं. दर आठवड्याला मी तिथे एक प्रश्न टाकायचा आणि सगळ्यांनी खाली उत्तरं लिहायची, एकमेकांशी बोलायचं, असा बेत. पण पहिला जण उत्तर लिही आणि बाकीचे सगळे त्याच्या खाली 'वरीलप्रमाणे' लिहून मोकळे होत. शिक्षकाला सरकारी कागदाची सवय लागली की ती जन्मात सुटत नाही. पहिला महिना मी 'वरीलप्रमाणे' वाचून वैतागले.

मग पुस्तकातले प्रश्न बाजूला ठेवले आणि विचारलं, आज शाळेत जाताना रस्त्यात काय दिसलं? दोन माणसांना एकच गोष्ट दिसत नाही, त्यामुळे 'वरीलप्रमाणे' बंद पडलं. हळूहळू लोक आपल्या बोलीत लिहायला लागले. देवरीकडच्या एका आश्रमशाळेतली शिक्षिका होती, घर गोंडी बोलणारं. तिने लिहिलं, "माझ्या वर्गातला एक पोरगा गोंडीत हसते आणि मराठीत गप्प राहते." त्याखाली सौंदडच्या एका मास्तराने लिहिलं, "आमचा पगार मराठीत येते, म्हणून आम्ही पण गप्प राहतो." त्या दिवशी पहिल्यांदा पानावर भांडण झालं, चांगलं भांडण. पोराला मराठीत बोलतं करावं की आपण गोंडी शिकावी, यावर सगळे तुटून पडले. एकमेकांची तोंडं न पाहिलेली माणसं एकमेकांना 'भाऊ' आणि 'बाई' म्हणायला लागली. शिकणं म्हणजे काय याच्या पुष्कळ व्याख्या मी पाठ करून घेतल्या होत्या. ते भांडण मला त्या व्याख्यांपेक्षा खरं वाटलं.

देवरीच्या त्या मुलीला कोर्स पुरा करणं भाग होतं. तिच्या शाळेने सांगून ठेवलं होतं, जूनच्या आत प्रमाणपत्र आण, नाही तर येऊ नको. वडील जंगलात मोहफुलं आणि तेंदूपत्ता गोळा करायचे आणि घरातली पहिली नोकरी हिची. ती रविवारी बसने देवरीला यायची आणि झेरॉक्सच्या दुकानातल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरवर बसायची. लाईट गेली तर ती येईपर्यंत थांबायची.

तिच्या वर्गातल्या त्या पोरावरूनच मी पुढचा विषय टाकला: वर्गात न बोलणारं मूल. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे हे गेले.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवतात, फक्त त्यांत मी नाही. मला काही वाटत नव्हतं. दुःख झालं असं लोक समजत होते, मीही तसंच समजत होते, पण आत पाहिलं तर तिथे काहीच नव्हतं. तेरवीची पत्रिका छापून आली. तीत 'दुःखद' शब्दातला विसर्ग राहिला होता. मी लाल पेन घेतलं आणि गठ्ठ्यातल्या एकेका पत्रिकेवर विसर्ग द्यायला बसले. सासूबाई बघत होत्या. म्हणाल्या, "राहू दे ना बाई, कायले करून राहिली?" मी म्हटलं, चूक आहे. गठ्ठा संपेपर्यंत मी उठले नाही.

आमच्याकडे मयत झालेल्या घरी लोक बसायला येतात. चपला बाहेर काढतात, सतरंजीवर टेकतात, बोलत काही नाहीत. बोलण्यासारखं असतंच काय? बराच वेळ बसतात आणि उठून जातात. जाताना 'येतो' म्हणायचं नसतं, म्हणून तेही म्हणत नाहीत. आमगाव सगळं येऊन बसून गेलं. दुकानाच्या ओळीतले व्यापारी आले, कॉलेज आलं, माहेर आलं. मी भिंतीला टेकून त्यांच्या पायांकडे बघत असायची.

मधे एका दुपारी घरात कोणी नव्हतं. हातांना सवय होती, म्हणून मी कॉम्प्युटर लावला. 'वर्गात न बोलणारं मूल' या विषयाखाली सगळ्यात वर देवरीच्या मुलीने लिहिलं होतं, "मॅडम, मी बसून आहो." त्याखाली सौंदडच्या मास्तराने लिहिलं होतं, "मी पण बसून आहो." मग पुढचा, मग त्याच्या पुढची. सगळी बॅच. कोणी उत्तर लिहिलं नव्हतं, कोणी श्रद्धांजली वाहिली नव्हती, की धीर धरा असंही म्हटलं नव्हतं. काहींनी रोज येऊन तेच लिहिलं होतं. मी शेवटपर्यंत वाचलं आणि मला काही वाटलं नाही. एकीने 'बसून' मधला सू ऱ्हस्व काढला होता, तेवढं दिसलं. कॉम्प्युटर बंद केला.

तेरवी झाली आणि पुण्याहून मेल आला. कोर्सचा समन्वयक तिकडचा एक तरुण मुलगा होता. त्याने लिहिलं होतं की आपल्या बॅचमधले सर्व सहभागी आपण 'बसून' असल्याचं स्वतःच नोंदवत आहेत, गेल्या पंधरवड्यात एकही शैक्षणिक प्रतिसाद नाही, तरी बॅच निष्क्रिय समजून बंद का करू नये याचा खुलासा करावा. खाली आणखी एक ओळ होती: सहभागींच्या शुद्धलेखनाकडेही लक्ष द्यावे, 'आहो' नव्हे, 'आहे'. मेलची प्रत त्याने सगळ्या बॅचला पाठवली होती.

त्याचं काही चुकलं नव्हतं. पुण्यात बसून असणं म्हणजे रिकामं असणं. नोकरी सुटलेला मुलगा घरी बसून असतो. त्याला वाटलं, हे लोक स्वतःच कबूल करत आहेत की आम्ही काही करत नाही.

देवरीच्या मुलीचा फोन आला. कोर्स सुरू झाल्यापासून तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"मॅडम, बॅच बंद होऊन राहिली का?"

"तसा मेल आहे."

"काऊन? आम्ही काही चुकीचं लिहिलं का?"

"चुकीचं नाही."

"झेरॉक्सच्या दुकानात तुमच्या घरचं कळलं, पण यायले जमलं नाही, मॅडम. बस सकाळची एकच आहे आणि शाळेत सुट्टी देत नव्हते. तं म्हटलं, जिथं आपण भेटतो तिथंच जाऊन बसू. बाकीच्यायले मीच सांगितलं." मग म्हणाली, "माझ्यामुळे सगळ्यायची बॅच गेली का?"

मी तिला म्हटलं, मी लिहिते पुण्याला. तिने ज्या नोकरीच्या जिवावर हा सगळा खटाटोप चालवला होता ती जायची वेळ आली होती, तीही माझ्या घरी बसायला आल्याबद्दल. हे मला कळत होतं, गणित कळावं तसं. राग यायला हवा होता. आला नाही.

मी खुलासा लिहायला घेतला. मास्तरीण असल्यामुळे पहिल्यांदा व्याकरणच लिहिलं. पूर्व विदर्भात 'मी आहे' ऐवजी 'मी आहो' म्हणतात, ती चूक नाही, बोली आहे. मग लिहिलं की आमच्याकडे 'बसणे' या क्रियापदाचा आणखी एक अर्थ आहे, एखाद्या घरी दुःख झालं की लोक तिथे जाऊन बसतात, आणि सहभागींनी तो शब्द त्या अर्थाने वापरला आहे. चांगला मुद्देसूद खुलासा झाला. वाचून पाहिला तेव्हा कळलं की हे लोक कोणाच्या घरी बसले आणि कशासाठी, तेच त्यात नाही. पुण्याच्या माणसाला ते ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं.

ते वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. 'माझ्या पतीचे निधन झाले' असं लिहिलं, मग ते पत्रिकेतल्यासारखं वाटलं म्हणून खोडलं. 'आमचे हे गेले' असं लिहिलं, तर पुण्याचा तो विचारायचा, कुठे गेले? शेवटी 'माझे पती वारले' एवढं ठेवलं आणि लक्षात आलं की हे मी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. गावात सांगायची वेळच आली नाही. जो आला तो ऐकूनच आला होता. मेल पाठवला.

दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला. आवाज अगदी कोवळा होता. म्हणाला, "मॅडम, मला खरंच माहीत नव्हतं. बॅच बंद होणार नाही. मी वरच्यांशी बोललोय. राहिलेल्या विषयांना मुदतही वाढवून देतो, सगळ्यांचा कोर्स जूनच्या आत होईल."

मी म्हटलं, बरं झालं. देवरीच्या मुलीला लगेच कळवायला हवं, एवढंच डोक्यात आलं. आता फोन ठेवेल म्हणून मी वाट पाहत होते.

तो ठेवत नव्हता. मग जरा चाचरत म्हणाला, "काय झालं होतं हो सरांना?"

हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्या सकाळपासून सांगायला लागले. नळाला पाणी लवकर आलं होतं, म्हणून ते माझ्या आधी उठले. पाणी भरलं. मला हाक मारली, मी म्हटलं पाच मिनिटं. दाढीला बसले. आरशासमोर वाटी होती, त्यात गरम पाणी. मी उठून बाहेर आले तेव्हा अर्ध्या गालाला साबण होता आणि ते खुर्चीत होते. मला वाटलं, डुलकी लागली. मी चहा टाकला. दोन कप. दोन्ही कप घेऊन मी त्यांच्याजवळ गेले.

इथे माझा आवाज फुटला. लाईन कटली की काय म्हणून मी "हॅलो" म्हटलं.

"ऐकतोय मॅडम," तो म्हणाला. "कप घेऊन गेलात. मग?"