दोन अँपिअर

येळ्ळूरला आमच्या परड्यातल्या विहिरीवर एक हॉर्सपॉवरची मोटर होती. तिच्या अर्थिंगच्या खड्ड्यात आई रोज सकाळी एक बादली पाणी ओतायची, उन्हाळ्यात अधूनमधून मूठभर मीठही टाकायची. मोटर बसवणाऱ्याने कधीकाळी सांगितलं होतं, तेवढ्यावर तिने वीस वर्षं काढली. हिच्या झाडाला पान काही फुटत नाही, म्हणून आम्ही तिची चेष्टा करायचो. ती हसायची आणि बादली ओतायची.

मी बेळगावला आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा ट्रेड शिकवतो. व्होल्टला अँपिअरने भागलं की ओहम, गुणलं की वॉट, हे फळ्यावर लिहिण्यात माझी उमर गेली. आई असताना एकदा हौस म्हणून अर्थ टेस्टर घरी आणून त्या खड्ड्याचा विजेला होणारा रोध मोजला होता. माती ओली, म्हणून फक्त पाच ओहम आला. म्हणजे मोटरच्या पत्र्यात वीज उतरलीच, तर दोनशे तीस भागिले पाच, शेचाळीस अँपिअर जमिनीत जाणार आणि ब्रेकर काही सेकंदांत पडून वीज तोडणार. शाळेचं तोंड न पाहिलेली आई बरोबर होती, हे तिला सांगायचं राहूनच गेलं.

आई गेल्यावर आप्पा पाणी घालू लागले. गुडघे धरलेले, बादली नेताना अर्धी वाटेतच सांडायची. एकदा ते घसरून पडले. मला राग आला, आणि राग आला की मी घरातही मास्तर होतो.

"आप्पा, उद्यापासून पाणी बंद. सोळा अँपिअरचा नवीन ब्रेकर बसवलाय मी. काय झालं तर त्यो पडतोय."

नक्की न्हवं, एवढंच त्यांनी विचारलं. मी नक्की म्हणालो. पोराच्या शिकण्याचं त्यांना लई कौतुक होतं. त्यांनी बादली उपडी घातली.

मे महिन्यात एका सकाळी मोटर चालू करून ते ओल्या पायांनी वाकले आणि पत्र्यावर हात टेकला. मी कामावर होतो. शेजाऱ्याने धावत येऊन मेन स्विच काढला, तेव्हा सगळं संपलं होतं. ब्रेकर पडलाच नव्हता.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर मी मीटर घेऊन परड्यात गेलो. खड्ड्यातली माती कोरडी ठणठणीत. मेन स्विच लावून मोटर चालू केली आणि मोजलं. व्होल्ट दोनशे तीस, अर्थिंगमधून जाणारा करंट दोन अँपिअर. एकशे पंधरा ओहम. दोन अँपिअरला सोळाचा ब्रेकर ढिम्म हलत नाही. चारशे साठ वॉट मातीत मुरत होते आणि पत्र्यात वीज तशीच उभी होती, किती दिवस कोण जाणे. हेच गणित मी दरवर्षी परीक्षेला घालतो. मी त्या खड्ड्याशेजारी बसून रडलो.

बाराव्याला माझी थोरली बहीण, निपाणीला दिलेली आक्का, परड्यात भांडी घासायला गेली आणि ती उपडी बादली हातात घेऊन माझ्याकडे आली.

"आप्पांनी आईचं पाणी का सोडलंतं रं?"

"म्हाईत न्हाय, आक्का."

"जगायचंच सोडलं असंल त्यांनी," ती म्हणाली.

मग तिने बादली भरली आणि खड्ड्यात ओतली. आजही तिला तसंच वाटतं, आणि मी ते खोडून काढलेलं नाही.