थुक आदी ती मशेरी!

शेजारी कुणीतरी मशेरीसाठी तव्यावर तंबाखू भाजतंय. इथे सुरतेतही तो करपट वास आला, की माझं डोकं तडकतं.

सातवीनंतर शाळा सोडवून मला पनवेलला आत्याची पोरं सांभाळायला पाठवलं होतं. दाढ ठणकली, तर आत्याने हातावर मशेरी ठेवली. "घास, बरं वाटेल." वाटलंही. मग मशेरीवाचून सकाळ होईना.

एकदा नळावर चूळ भरली, तर रक्त आलं. घरमालकीण जनामावशी ओरडली, "थुक आदी ती मशेरी! लग्नाआदीच तोंडाचं बोळकं करायचं हाय काय?" तिने नवा ब्रश आणून दिला. मी तो दातांवर खसाखसा घासला. "भांडी घासतंस काय गो? हिरडीवर तिरका धर. हलकेच गोल फिरव, आतूनसुदा."

नळावरच्या बायका हसल्या. मावशीचा मला भयंकर राग आला.

आता हिरड्यांच्या धास्तीने रोज आरशात बघते, दात शाबूत दिसतात आणि मावशीला मनोमन हात जोडते. राग येतो तो आत्याचा. त्या दिवशी तीही हसली होती, पण तोंडावर पदर धरून. तिचे पुढचे दात मशेरीनेच गेले होते. तिला सगळं ठाऊक होतं.