आठ मिनिटं पुढे

संख्याशास्त्राच्या बाईंना पोरं पाठीमागे ‘दहा टक्के’ म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. त्यांचा नियम साधा होता. गृहपाठ शुक्रवारी पाचच्या आत. पाचवर एक मिनिट झालं की एक दिवसाचा उशीर, आणि दर दिवसाला शंभरातले दहा गुण वजा. बस बंद पडली, पोट दुखलं, प्रिंटर रुसला, मामा वारला, बाई सगळं मान हलवत ऐकून घेत आणि दहा गुण कापत. एका विद्यार्थ्याचा एकच मामा एका सत्रात दोनदा वारला, तेव्हा त्यांनी सांत्वनही दोनदा केलं होतं. घरी नवरा भाजी घेऊन उशिरा आला की पिशवी पुढे करून म्हणायचा, घे बाई, तुझे दहा टक्के आधी काढून घे.

विभाग म्हणजे बाई एकट्याच, आणि त्यांचे शिपाईदादा. जागा तिसऱ्या मजल्याच्या पार टोकाला. कॉलेजची घंटा तिथे पोचेपर्यंत दमून जायची. दादा व्हरांड्यात स्टूल टाकून बसत, समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात बघत आणि आलेल्या प्रत्येक गृहपाठावर, शिवाय स्वतःच्या वहीत, लाल पेनाने वेळ लिहीत. पहिल्याच तासाला बाई बजावून ठेवत की मोबाइलमधली वेळ मला सांगायची नाही, भिंतीवरची तीच खरी. ते घड्याळ पुढे आहे असं कुणी म्हटलंच, तर त्या म्हणत, उशीर झालेल्याला जगातलं प्रत्येक घड्याळ पुढेच दिसतं. वर्ग हसे. तक्रार त्या हसण्यात विरघळून जाई.

त्यांचा स्वतःचाही सगळा भरवसा त्याच घड्याळावर. हातात घड्याळ नाही, मोबाइल कपाटात. दारातून दिसणाऱ्या त्या पांढऱ्या तबकडीत अकरा वाजले की त्या अकराच्या तासाला उठत. मग खडू, हजेरीपत्रक, चष्मा, चहाचा शेवटचा घोट, आणि वर्ग. सोळा वर्षांत त्या तासाला उशिरा आल्याची तक्रार एकदाही झाली नव्हती, आणि ही गोष्ट त्या दर वर्षी नव्या मुलांना ऐकवत.

यंदाच्या वर्गात एक सिस्टर होत्या. वय पंचेचाळीस, त्यातली बावीस वर्षं हॉस्पिटलच्या वॉर्डात उभ्याने गेलेली. पोटऱ्यांवरच्या शिरा सुतळीसारख्या वर आलेल्या. हॉस्पिटलच्या नोंदी विभागात एक जागा रिकामी होणार होती, खुर्चीत बसून करायच्या कामाची. अट अशी की या विषयात परीक्षेत साठ हवेत आणि गृहपाठाची सरासरीही साठ हवी. परीक्षेला त्या भीत नव्हत्या. पण शुक्रवारी साडेचारला पाळी संपवून, बस बदलून, तीन जिने चढून त्या दादांपुढे धापा टाकत उभ्या राहत, तेव्हा लाल पेन कधी पाच वाजून तीन मिनिटं लिही, कधी सहा मिनिटं. नऊ गृहपाठांत पाच वेळा असं झालं. त्यांनी एकदाही सबब सांगितली नाही, याचंच बाईंना नवल वाटे.

दहावा आणि शेवटचा गृहपाठ होता: आकडे स्वतः गोळा करा आणि ते काय सांगतात ते लिहा. शनिवारी सकाळी बाई गठ्ठा घेऊन बसल्या. सिस्टरांच्या कागदावर लाल शाईत पाच वाजून दहा मिनिटं. त्यांनी मेहनतीला ब्याण्णव दिले, उशिराचे दहा कापले आणि दहाही गृहपाठांची सरासरी काढली. सत्तावन्न. बाईंनी बेरीज पुन्हा करून पाहिली. पेनाचं टोपण लावलं, काढलं. नियम सगळ्यांना सारखा, असं स्वतःला सांगून झालं, तरी गठ्ठ्यातला पुढचा कागद त्यांनी उचलला नाही. आणि मग, गुण देताना जो आलेख फक्त नीटनेटका म्हणून आवडला होता, त्यात काय लिहिलंय ते त्यांनी धडपणे वाचलं.

सिस्टरांनी दादांची वही मागून घेतली होती. नऊ शुक्रवार, अख्खा वर्ग, प्रत्येक गृहपाठ किती वाजता आला त्याचे खांब. पाच जवळ येतात तसे खांब चढत जातात. माणसं धावत येत असणार. पण पाचला ते कोसळत नाहीत. आणखी उंच होतात, आणि पाच वाजून आठ मिनिटांनी एकदम जमीनदोस्त. खाली दोनच ओळी: ‘मुदत पाचला संपते, पण गर्दी पाच-आठला संपते. इतकी माणसं एकाच मापाने चुकत नसावीत, घड्याळ चुकत असावं.’

बाईंनी कपाटातून मोबाइल काढला आणि घड्याळाखाली जाऊन उभ्या राहिल्या. भिंतीवर दहा बेचाळीस. हातात दहा चौतीस.

“दादा, हे घड्याळ आठ मिनिटं पुढे आहे.”

“आहे ना,” दादा म्हणाले. “मीच केलंय. दर महिन्याला मिळवतो.”

“का पण?”

दादांनी आधी जिन्याकडे पाहिलं. “बाई, तुम्ही नव्यानं लागलात तेव्हा रोज उशिरा जायच्या तासाला. प्रिन्सिपॉलसाहेब मला झापायचे. तुम्हाला कोण सांगणार? मग घड्याळालाच सांगितलं.”

“आठच मिनिटं कशी काढलीत?”

“दोन आठवडे बघितलं. कधी पाच, कधी अकरा. बेरीज करून भागलं. तुम्हीच शिकवत होता की आत.”

बाई स्टुलावर बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. सोळा वर्षांचा तो वक्तशीरपणा त्यांचा नव्हताच, या माणसाने दर महिन्याला किल्लीसारखा भरून ठेवलेला होता. मग त्यांनी दादांना घड्याळ बरोबर लावायला सांगितलं आणि वही मागितली. यंदाचे एक्केचाळीस गृहपाठ निर्दोष सुटले. मागच्या पंधरा वर्षांचा विचार मनात आला, तेव्हा मात्र हसू जरा वेळ थांबलं.

सोमवारी त्यांनी वर्गात सगळं कबूल केलं. पोरांनी बाकं बडवली. सिस्टरांचे पाच दंड परत आले आणि सरासरी झाली बासष्ट. उरला दहावा. भिंतीवरच्या पाच-दहातून आठ गेले तरी पाच-दोन उरत होते. बाईंनी कागद पुढे धरून सिस्टरांकडे पाहिलं.

“कापा, मॅडम,” सिस्टर म्हणाल्या. “तो उशीर खरा आहे. खांबांना रंग देत बसले.”

दंड कायम राहिला. बासष्टही.

तेवढ्यात दारात दादा उभे. एका हातात वही, दुसऱ्यात लाल पेन. बरोबर लावलेल्या घड्याळात अकरा वाजल्यावर बाई नेहमीसारख्या उठल्या होत्या. खडू, हजेरीपत्रक, चष्मा, चहाचा घोट. “बाई, तुम्ही आज आत गेलात ती वेळ लिहू का?” त्यांनी विचारलं.

“लिहा,” बाई म्हणाल्या. “अकरा वाजून आठ. आणि दहा कापा.”

वर्ग उभा राहून ओरडत होता. सिस्टर तेवढ्या उठल्या नाहीत. पाय बाकाखाली लांब सोडून, पाठ टेकून, बसायची सवय करून घ्यावी तशा त्या आरामात बसून राहिल्या.