मोडीतल्या जहाजाचे प्रवासी

खिदिरपूर गोदीतलं ते पांढरं जहाज अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. सत्तरच्या दशकातली गोष्ट. वडील बदलीवर कलकत्त्याला आले, आम्ही इथलेच झालो, आणि मी इथल्याच पोलीस खात्यात निरीक्षक झालो.

जहाजांना भाजीपाला पुरवणारा एक जण आमचा खबऱ्या होता. सकाळची हजेरी चालू असताना तो ठाण्यात आला आणि म्हणाला, "साहेब, एक जहाज मोडीत विकलं गेलंय. दुसऱ्या बंदरात ओढून नेऊन ते तोडणार आहेत. पण दर रविवारी त्यावर बायका-मुलं नटूनथटून चढतात."

पुढच्या रविवारी मी साध्या वेशात त्या घोळक्यात सामील झालो. पांढराशुभ्र गणवेश घातलेला एक माणूस सगळ्यांना हात धरून शिडीवर चढवत होता. पूर्वी तो याच जहाजावर स्टुअर्ड, म्हणजे प्रवाशांची सरबराई करणारा नोकर होता. आता स्वतःला कंपनीचा प्रतिनिधी म्हणवत होता. हिवाळ्यात जहाज रंगून आणि पेनांगमार्गे सिंगापूरला जाणार, डेकवर पोहायचा तलाव, संध्याकाळी वाद्यवृंद, शाकाहारी मंडळींना वेगळा आचारी, चोवीस तास डॉक्टर! तलाव कोरडा ठणठणीत होता, तर म्हणे रंगकाम चालू आहे. मग चहा आला. एवढ्या थाटाच्या जहाजावर चहा बाहेरच्या टपरीवरून मातीच्या भांड्यांत आलेला पाहून मी मनात म्हटलं, पुरे झालं. तिथेच त्याला ताब्यात घेतलं.

यावर लोकांनी माझे आभार मानायला हवे होते. उलट ते माझ्याच अंगावर धावून आले. सगळ्यांच्या पुढे एक मराठी बाई होत्या. कलकत्त्यातच जन्मलेल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका.

"अहो, तुम्ही आमची बोट चुकवणार! सिंगापूरला माझ्या मुलीचं पहिलं बाळंतपण आहे. घरात दुसरं बाईमाणूस नाही. विमानाची मला धडकी भरते, म्हणून हे जहाज धरलं. आणि तुम्ही भल्या माणसाला बेड्या घालता?"

"बाई, हे जहाज कुठेही जाणार नाही."

"मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय!"

वाद घालण्यात अर्थ नव्हता. जे डोळ्यांनी पाहिलंय त्यावर माणूस पोलिसाचं ऐकत नाही. मी त्यांना सरळ जहाजाच्या स्वयंपाकघरात नेलं. त्यांनी शेगडीवर हात ठेवला, फडताळं उघडली, एका पातेल्यात बोट फिरवून पाहिलं.

"शेकडो माणसांचं स्वयंपाकघर," त्या हळूच म्हणाल्या, "आणि इथे मुंगीसुद्धा नाही." मग एकदम माझ्याकडे वळल्या. "माझा पासपोर्ट त्याच्याकडे आहे हो! व्हिसासाठी म्हणून सगळ्यांचे घेतलेत त्याने."

आता खरं संकट समजलं. आगाऊ घेतलेलं भाडं आज ना उद्या वसूल झालं असतं. पण त्या काळी पासपोर्ट हातात पडायला महिनोन्‌महिने लागायचे. बाळंतपण काही तेवढं थांबणार नव्हतं. शिवाय पासपोर्ट सापडले नाहीत तर हा गडी पुराव्याअभावी सुटणार, आणि नंतर फोटो बदलून ते विकणारेही गाठणार. मी बाईंना शब्द दिला, "तुमचा पासपोर्ट मी आणून देतो." असे शब्द देऊ नयेत, असं नोकरीत शिकवतात. मी दिला.

पंचनामा केला, त्याच्या भाड्याच्या खोलीची झडती घेतली. हाती काही लागलं नाही. चौकशीत पठ्ठ्या तोंड उघडेना. दम दिला, समजावलं, चहा पाजला, ढिम्म. कोठडीतला माणूस वकील मागतो, विडी मागतो, घरी निरोप द्या म्हणतो. याने मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी पहाऱ्यावरच्या हवालदाराला एकच प्रश्न दोनदा विचारला होता, "आज भरती कधी आहे?"

हवालदाराने ते मला सांगितलं तेव्हा माझे कान टवकारले. आमच्या गोदीतून जहाज निघतं ते भरतीच्या पाण्यावर. आणि हे मोडीतलं जहाज त्याच दिवशी दुपारी ओढून नेणार होते. ते गेलं तर काय जाणार होतं? पण एवढ्या मोठ्या जहाजावर शोधायचं तरी कुठे?

मी खुर्ची त्याच्याजवळ ओढली. "गुन्ह्याचं राहू दे. समज, मला बायकोला घेऊन तुझ्या जहाजाने जायचंय. आम्हाला काय काय मिळेल?"

त्याने आधी संशयाने पाहिलं. मग पाठ ताठ झाली, दोन्ही हात मागे गेले. सकाळी अकराला डेकवर गरम सूप. थंडी वाजली तर पायांवर घोंगडी. मुलांचं जेवण आधी, म्हणजे आईबापांना निवांत बसता येतं. न्हाव्याचं दुकान, वाचनालय, संगीताचा हॉल... माणूस डोळे मिटून त्या जहाजावर फिरत होता. तो खोटं बोलत नव्हता. ते जहाज तसंच होतं, फक्त आता उरलं नव्हतं.

"आणि माझ्या बायकोचे दागिने?"

"काळजी नको, सर! पर्सरकडे द्यायचे. प्रवाशांची कागदपत्रं सांभाळणारा अधिकारी तो. त्याच्या खिडकीमागे पोलादी कपाट आहे. दागिने, पासपोर्ट सगळं तिथेच. प्रवाशाचा पासपोर्ट दुसरीकडे कुठे ठेव..."

वाक्य तिथेच तुटलं. त्याचा चेहरा उतरला आणि मी टोपी उचलली.

गोदीत पोहोचलो तेव्हा ओढणाऱ्या बोटीचे दोर बांधून झाले होते, शिडी काढायला माणसं लागली होती. गोदीचा अधिकारी ओरडला, "पाणी उतरलं तर जबाबदार कोण?"

"मी," म्हणालो आणि शिडी चढलो.

पर्सरच्या खोलीत, खिडकीमागच्या कपाटात, सगळे पासपोर्ट केबिनच्या क्रमांकाप्रमाणे नीट लावलेले होते. बाईंच्या पासपोर्टवर चिठ्ठी होती: गुडघे दुखतात, डॉक्टरच्या शेजारची केबिन. कधीच न होणाऱ्या प्रवासात! मला त्याचा राग आला होता, तो गेला नाही. पण त्याने लावलेला क्रम न मोडता मी पासपोर्ट तसेच उचलले.

बाई डमडमहून विमानाने गेल्या, धडकी भरत असताना गेल्या, आणि नात झाल्यावर परतल्या. तोवर खटला उभा राहिला होता. आरोपीचा बचाव साधा होता: पोलिसांनी मला गोवलंय, या बाईंना मी ओळखत नाही, त्या जहाजावर मी कधी कोणाला नेलं नाही, पासपोर्ट कोणी ठेवले ठाऊक नाही.

बाकीचे प्रवासी पासपोर्ट मिळताच पांगले होते; बाई मात्र साक्षीला उभ्या राहिल्या. बंगालीत शांतपणे सगळं सांगितलं. "संगीताचा हॉल दाखवला. जेवणाचा हॉलही दाखवला. तो..." त्या थांबल्या. "वर होता की खाली? खाली असावा. जहाज तसं साधारणच होतं म्हणा."

"ओपोरे, माशीमा, ओपोरे!" आरोपीच्या पिंजऱ्यातून आवाज आला. वर, मावशी, वर! "आणि साधारण कसं? मी स्वतः तुम्हाला खिडकीजवळ बसवलं होतं!"

न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली. आरोपीच्या वकिलाने कपाळाला हात लावला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "बाई, खरंच आठवत नव्हतं?"

त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "जन्म शाळेत गेला माझा. हुशार मुलगा गप्प बसला की त्याच्या आवडीचा विषय काढायचा आणि आपण जरा अडखळायचं. राहवत नाही त्याला."

पुढे अनेक चौकशा केल्या. कोणी खोटं बोलू लागला की मी ते खोटं पकडायच्या मागे लागत नाही. या माणसाचं प्रेम कशावर आहे, ते आधी शोधतो. तिथे तो खरंच बोलतो.