कॅमेरा गळ्यात, आणि पुलापर्यंत

गिऱ्हाइकाने कॅमेरा पसंत केला की कोपरगावचे आमचे स्टुडिओवाले तो त्याच्या गळ्यात अडकवायचे आणि म्हणायचे, "जाऊन या पुलापर्यंत."

गिऱ्हाईक चक्रावायचं. नवाकोरा कॅमेरा घेऊन कुणी पळालं तर? असं विचारलं की ते हसायचे. "पळू द्या की. एवढं वजन गळ्यात बांधून कितीक पळंल?"

तुमच्याही गावात असा एखादा दुकानदार असेल. विकण्यापेक्षा न विकण्यातच जास्त रमणारा.

मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. दिवाळीच्या सुट्टीत हंपीला जायचं ठरलं होतं. मी, बायको, आठ वर्षांची मुलगी आणि माझे वडील, नाना. तीन महिने व्हिडिओ बघून मी यादी केली होती. मोठा कॅमेरा, तीन लेन्स, स्टँड, पाठीवरची बॅग. नानांना सोबत घेऊन दुकानात गेलो. स्टुडिओवाल्यांनी ती यादी डॉक्टरची चिठ्ठी वाचावी तशी वाचली.

"सर, हंपी बघाया चाललाय का लग्नाची ऑर्डर घेतलीय?"

मग यादीतलं सगळं माझ्या अंगावर चढवलं आणि मला पुलाकडे पिटाळलं. परत आलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता आणि मान आखडली होती.

"आता पोरगी दमली तर उचलून कुठं घेणार?" त्यांनी विचारलं. मी बॅगेचे पट्टे सोडवू लागलो.

त्यांनी कपाटातून एक लहानसा कॅमेरा काढला. "हा मिररलेस. आतला आरसा काढून टाकलेला. म्हणून हलका."

"मग तोंड कशात बघायचं?" नाना म्हणाले. दोघंही खळखळून हसले, आणि त्यांची तिथेच गट्टी जमली.

कॅमेऱ्याला त्यांनी एक छोटी झूम लेन्स लावली. लाडवाएवढी दुसरी एक लेन्स शेजारी ठेवली. "ही देवळातल्या अंधाराला." वर दोन जादा बॅटऱ्या. "हा गडी लई खातो. दोन डबे संगं पायजेत. बाकीची पिशवी वहिनींच्या खाऊला ऱ्हाऊ द्या."

मी खूश झालो. घेतो म्हणणार, तेवढ्यात त्यांनी कॅमेरा नानांपुढे धरला.

नानांनी दोन्ही हात मांड्यांखाली सरकवले. साखर कारखान्यात लेथवर उभं आयुष्य काढलेला हा माणूस. पण दोन वर्षांपासून हाताला कंप सुटला होता. परक्यांसमोर ते चहासुद्धा घेत नसत.

"मला नको. माझा हात..."

"दिसला मला," स्टुडिओवाले म्हणाले.

मला राग आला. घरात आम्ही कुणी हा विषय काढत नव्हतो. ते मात्र शांतपणे नानांच्या शेजारी बसले.

"हात हलतोय, हलू द्या. ह्याच्यात कंप सावरायची सोय हाय. पण समदं त्याच्यावर टाकू नका. कोपरं पोटाला लावा. श्वास सोडा. आता दाबा."

पहिल्या फोटोत पंखा आला. दुसऱ्यात मी अर्धा. तिसऱ्यात मी पुरा आलो, कपाळावरच्या घामाच्या थेंबांसकट. नाना पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "परत."

त्यांनी बरेच फोटो काढले. मग स्टुडिओवाल्यांनी तो कॅमेराच काढून घेतला. "हा न्हाई जमायचा. पकड बारीक हाय. तो दुसरा नानांच्या बोटांना बसंल."

तो दुसरा म्हणजे गेल्या वर्षीचं मॉडेल निघालं. माझं तोंड उतरलं. पण नानांनी तो हातात घेतला होता आणि ते तो खाली ठेवेनात. आम्ही तोच घेतला.

हंपीत नाना पायऱ्यांवर बसत, कोपरं पोटाशी घेत आणि आमची वाट बघत. आम्ही त्यांच्या चौकटीत आलो की दाबत. चौथ्या दिवशी एका टपरीवर त्यांनी चारचौघांत चहा मागितला. थोडा सांडला. त्यांनी बशीतला पिऊन टाकला.

आल्यावर फोटो छापून दाखवायला नेले. स्टुडिओवाल्यांनी देवळं आणि दगडी रथ बाजूला सारले. एकच फोटो हातात धरला. त्यात मी, बायको, मुलगी एका खडकावर चिवडा खात होतो. कुणाचंच कॅमेऱ्याकडे लक्ष नव्हतं.

"सर, तुमीबी आलात की फोटोत," ते म्हणाले. "न्हाईतर घरातला फोटो काढणारा नेहमी बाहेरच ऱ्हातो."

गेल्या उन्हाळ्यात स्टुडिओवाले दुकान बंद करून नाशिकला लेकीकडे राहायला गेले. त्या सकाळी मी आणि नाना निरोपाला गेलो. टेम्पो भरला होता, त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, पुढच्या सीटवर बसल्या होत्या, आणि हे दुकानाच्या काचेवरची चिकटवलेली अक्षरं ब्लेडने खरवडत होते. एकेक, सावकाश.

"राहू द्या हो," नाना म्हणाले. "नवा माणूस काढील."

"न्हाई नाना. त्याला पहिल्या दिवशी काच स्वच्छ मिळाली पायजे."

"अहो, चला आता!" काकूंनी हाक मारली.

"आलो, आलो." त्यांनी रुमालाचं टोक ओलं करून शेवटचा डाग पुसला. मग कपाळ काचेला टेकवून, दोन्ही हातांनी ऊन अडवत, रिकाम्या दुकानात एकदा डोकावून पाहिलं. आणि तो ओला रुमाल तसाच मुठीत धरून ते टेम्पोत चढले.