जिलबीच्या परातीखालची पोथी

माधवराव गेल्याचा निरोप आला तेव्हा मी पूजा आटोपून सहाण धूत होतो. हात तसेच पाण्यात राहिले. डोंबिवलीच्या आमच्या वाचनालयाचे ते ग्रंथपाल; मी तेथे संस्कृतचे वर्ग घेत असे. पुढे शोकसभेचे बोलावणे आले आणि अध्यक्षांचे नाव ऐकून मला किळस आली. अशा प्रसंगी हा शब्द लिहू नये हे मी जाणतो. पण दुसरा सुचत नाही...

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस कल्याणला ग्रंथपालांचे विभागीय अधिवेशन भरले होते; माधवरावांसोबत मीही गेलो होतो. आरंभी ग्रंथदिंडी होती; तिच्या पालखीसाठी प्रत्येकाने एखादा दुर्मीळ ग्रंथ आणावयाचा होता. माधवरावांनी खाडीकाठच्या कोळीवाड्यातील हिराबाईंकडून, त्यांच्या सासऱ्यांनी स्वहस्ते उतरवलेली पोथी मागून घेतली. दोन लाकडी फळ्यांमध्ये सुटी पाने, वर तांबडे कापड. ती देव्हाऱ्यातली. देताना म्हातारी एवढेच म्हणाली, "बाला, सांभालून ने." जशी नेतो तशी आणीन, असा शब्द माधवरावांनी दिला आणि वाटेत ती मांडीवरून खाली ठेवली नाही.

दिंडी थाटात झाली. शोकसभेचे हेच अध्यक्ष तेव्हा स्वागताध्यक्ष होते. त्यांनी पालखीला खांदा दिला, छायाचित्र निघेपर्यंत. मग जेवणाची घाई उडाली आणि पालखीत पोथी दिसेना. शोधत आम्ही मांडवामागे गेलो... डुगडुगत्या टेबलावर जिलबीची परात नीट बसावी म्हणून वाढप्यांनी खाली ती पोथी सरकवली होती. फळ्या पाहून त्यांना तो पाट वाटला असावा. अजाण माणसांवर मी रागावलो नाही. पण ताटे घेऊन भोवती उभे होते ते सगळे ग्रंथपाल होते. पाक तांबड्या कापडातून ठिबकत होता आणि ते जिलब्या उचलत होते. पोथी चांगली मुरली, असे कोणी हसत म्हणालेही. स्वागताध्यक्षांनी बोटे चाटत समजूत घातली, "प्रसाद लागला असं समजा, माधवराव." आणि त्याच हाताने ते कापडाची गाठ सोडू लागले.

माधवरावांचा आवाज चढला नाही. "साहेब, आधी हात दाखवा."

साहेबांनी खरोखरच तळवे पुढे केले. मग कोणी हसले नाही. दुपारी दुर्मीळ ग्रंथांच्या जतनाचा ठराव टाळ्यांच्या गजरात संमत झाला. त्या टाळ्या चिकट हातांच्या होत्या.

हिराबाईंच्या ओसरीवर पोथी ठेवली तेव्हा तिच्या कडेने मुंग्या चालत होत्या. म्हातारी रागावली नाही, हेच माधवरावांना सोसले नाही. "आता ती देवाजवल नको. तूच ठेव," म्हणाली आणि खाडीकडे तोंड करून बसली.

पोथी वाचनालयाच्या कपाटात आली. खिडकीशी पाण्याचे घंगाळ आणि खिळ्यावर पंचा आला. पुस्तक मागणाऱ्या प्रत्येकाला, मलाही, माधवराव म्हणत, "हात दाखवा." कॉलेजची मुले चिडवत, "काका, लग्नाचा योग बघा ना." "आधी साबण लाव, मग योग बघू," हे ठरलेले उत्तर.

वाचनालयातच भरलेल्या शोकसभेत अध्यक्षांनी त्या ठरावाचे सविस्तर स्मरण केले. पोथीचा उल्लेख नव्हता. मग वर्तमानपत्रांच्या फायलींवर चहाचे पेले मांडले गेले. जाताना अध्यक्षांनी माझा हात सांत्वनाने हातात घेतला... मी खिडकीशी गेलो. घंगाळ कोरडे होते. नळावर हात धुतले, पंच्याला पुसले आणि पोथीच्या कपाटासमोर तळवे पुढे धरून उभा राहिलो. विचारणारे कोणी नव्हते. मी मागे फिरलो आणि हात पुन्हा धुतले.