अथ्वार्ट

डाव्या हाताचा तळवा होडीसारखा धरायचा आणि उजव्या हाताने त्याच्या कुशीत, म्हणजे बाजूवर, थाप हाणायची. "अथ्वार्ट!" कोकणातल्या रेडी गावात आमच्या शेजारी राहणारे काका जन्मभर परदेशी जहाजांवर खलाशी होते. शाळा चौथीपर्यंत, पण हा इंग्रजी शब्द त्यांच्या तोंडात असा बसला होता की विचारू नका.

रस्त्यात म्हैस आडवी बसली, की "मास्तर, म्हस अथ्वार्ट आसा, सायकल थांबवा." सुनेने दारात केरसुणी टाकली, की "गो, ह्या अथ्वार्ट कित्याक?"

मी हायस्कुलात इंग्रजीचा मास्तर. एकदा तोऱ्यात म्हणालो, "काका, असा शब्दच नाही." घरी येऊन शब्दकोश उघडला आणि ओशाळलो. शब्द होता. क्रियाविशेषण, या बाजूपासून त्या बाजूपर्यंत, आडवं. वापर विरळ. कबूल केलं तर ते हसले. "पुस्तकात आसा तर बरा झाला. लाट नाकार घेतली तर बोट तरता, कुशीत घेतली तर उलाटता. ता अथ्वार्ट."

पुढे एका दुपारी त्यांच्या मुलाच्या बोटीचं इंजिन बंद पडलं. आत मुलासह चौघे. बोट लाटांना आडवी पडलेली धक्क्यावरून दिसत होती, आणि गावच्या बोटी सगळ्या लांब. जवळ होतं ते खनिज भरायला आलेलं परदेशी जहाज. मच्छीमारांच्या खोलीतल्या वायरलेसचा माइक लोकांनी माझ्या हातात दिला. काय सांगू! वीस वर्षं इंग्रजी शिकवणाऱ्या माझी बोबडी वळली. "सर, बोट... व्हेरी डेंजर..." पलीकडून पुन्हा पुन्हा तीच विचारणा.

काकांनी माइक घेतला. "फिशिंग बोट. नो इंजिन. लाइंग अथ्वार्ट."

पलीकडचा आवाज एकदम बदलला. "हाऊ मेनी? युवर पीपल?"

"फोर मेन. ऑल माइन." चारही माणसं माझीच, म्हणाले. आवाज जराही हलला नाही. तोवर जहाजावरून बोट खाली उतरू लागली होती.

चौघे सुखरूप धक्क्यावर चढले, तेव्हा काका मटकन खाली बसले. मी विचारलं, "आत मुलगा आहे, असं का नाही सांगितलंत?"

"माझ्या एकट्या झिलाचा नाव घेवू, मास्तर? आणि बाकीच्यांच्या आवशींका काय तोंड दाखवू?"

गेल्या वर्षी काका गेले. तिरडी त्या चौघांनीच उचलली. स्मशानापर्यंत त्यांनी कुणाला खांदा बदलू दिला नाही.